नॅसचा फोल्डर उघडेना: गेस्टला पुन्हा वाट द्यावी की खाती उघडावीत?

काल उघडत होता, आज उघडत नाही. नॅसचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर ठेवणाऱ्या डब्याचं, सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये नीट दिसतंय, पिंगला (म्हणजे 'आहेस का?' या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तरही येतंय, रुसलाय तो फक्त शेअर्ड फोल्डर. अशा वेळी केबल आणि राउटरच्या मागे लागू नका, मी लागलो होतो. बहुतेक वेळा विंडोजचं एखादं मोठं अपडेट नुकतंच होऊन गेलेलं असतं. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी (फोल्डर शेअर करायची विंडोजची पद्धत) वापरताना साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालं आणि गेस्ट म्हणून, म्हणजे खात्याशिवाय, आत शिरणं बंद झालं. साइनिंगची किल्ली पासवर्डातून निघते. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? वर संदेश येतो की तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण आड येतंय. घरात कसली आलीय संस्था!

इथून दोन वाटा फुटतात. एक, कॉम्प्युटर सैल करायचा: ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या नियमांच्या सेटिंगमध्ये) असुरक्षित गेस्ट लॉगऑनला परवानगी द्यायची आणि साइनिंगची सक्ती काढायची. दुसरी, नॅसवर प्रत्येकाचं खातं उघडायचं. (एसएमबी १, म्हणजे त्याची जुनी आवृत्ती, पुन्हा चालू करणं ही तिसरी वाट मी धरतच नाही. २०१७ साली फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच दारातून पसरला.)

पहिली वाट झटपट आहे, हे मान्य करायला हवं. पाच मिनिटांत फोल्डर उघडतो आणि घरच्यांना काही नवं शिकवावं लागत नाही. पण ही सूट एकट्या नॅसपुरती राहत नाही. तो कॉम्प्युटर ज्या ज्या सर्व्हरला जोडला जाईल, तिथे ती लागू होते. जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपला ते चालून जाईल, बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपला देताना मी कचरतो. शिवाय नॅस एक आणि कॉम्प्युटर चार, म्हणजे हा खटाटोप चारदा.

तरीही मी बराच काळ गेस्टवरच होतो. माझं मन फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. विंडोज नॅसकडे जाताना आधी तुमचं लॉगिनचं नाव आपणहून पुढे करतं. गेस्ट चालू असेल तर बरेच नॅस अनोळखी नावाला गुपचूप गेस्ट म्हणून आत घेतात. मात्र तेच नाव नॅसवर असेल आणि पासवर्ड जुळला नाही, तर सरळ नकार मिळतो. मी बॅकअपसाठी नॅसवर एक खातं काढलं आणि सहज म्हणून नाव दिलं तेच, जे एका लॅपटॉपचं लॉगिन होतं. त्या क्षणापासून तेवढा एक लॅपटॉप बाहेर, बाकीचे आत! दोन संध्याकाळी मी त्या लॅपटॉपचा फायरवॉल उलटापालटा करत बसलो. याच्या उलटही होतं. युजरनेममध्ये एक अक्षर चुकलं की तुम्ही गेस्ट होऊन आत जाता, फोल्डर दिसतो, पण फाइल सेव्ह होत नाही. चूक नावात असते आणि आपण परवानग्या तपासत बसतो.

खात्यांचं सगळं गुळगुळीत आहे असंही नाही. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावानं बोलतं. दुसरं नाव दिलं की १२१९ क्रमांकाची एरर येते. तेव्हा कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' लिहून जुनं कनेक्शन शोधायचं, तोडायचं आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (जिथे विंडोज पासवर्ड जपून ठेवतं) शिळी नोंद पुसायची. आणखी एक, विंडोजचा पिन इथे चालत नाही. नॅसवरच्या खात्याचाच पासवर्ड लागतो. घरी हे समजावताना थोडा संयम लागतो. पण खातं अडलं तर निदान तोंडावर 'नाही' म्हणतं, आणि मला तेवढं पुरतं.

तुमच्याकडे एकच कॉम्प्युटर असेल आणि नॅसवर सिनेमेच असतील, तर कदाचित गेस्टच सोयीचं पडेल. मीही टीव्हीसाठी एक गेस्ट फोल्डर ठेवलाय, फक्त वाचण्यापुरता. आता कुणी नाव चुकवलं की तेवढाच एक उघडतो, आणि मला हाक येते की बाकीचे उघडत नाहीत. मी आधी स्पेलिंग विचारतो.