श्राव्य बायबलचं ॲप: पुस्तक सबंध ऐका, ‘आजचं वचन’ बंद ठेवा

यजमानांना अर्धांगवायू झाल्यापासून रात्रीचं शास्त्रवाचन थांबलं होतं. दिवा लावला की त्यांची झोप मोडते. मंडळीतल्या एका ताईंनी हे मोफत ॲप फोनमध्ये घालून दिलं. सोय म्हणून ते चांगलंच आहे. अध्याय आधी डाउनलोड करून ठेवता येतात, टायमर लागतो, वेग कमी करता येतो. वाचणाऱ्यांचे उच्चार स्वच्छ आहेत.

पण मी लिहायला बसले ते ईयोबासाठी, म्हणजे निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या बायबलमधल्या पुस्तकासाठी. त्याचे 42 अध्याय आजवर तुकड्यातुकड्यांनीच वाचून व्हायचे: परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, आणि मग थेट शेवट. समाचाराला येणारी माणसंही तेवढंच सांगून जातात. ऐकताना मधलं गाळलं जात नाही. तिसऱ्याच अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मित्र 7 दिवस नि 7 रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर बरे होते. तोंड उघडलं ते तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे सांगायला. अलीफज, बिल्दद, सोफर पाळीपाळीनं बोलत राहतात आणि ईयोब प्रत्येकाला उलट उत्तर देतो. परमेश्वर बोलतो तो थेट 38व्या अध्यायात, आणि हे दुःख का आलं ते तिथंही सांगत नाही. शेवटी मात्र निवाडा देतो की, माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हेत. रडणारा, वाद घालणारा ईयोब! देवापुढं रात्री मोठ्यानं रडायचं बळ मला या ऐकण्यानं दिलं.

खटकतं ते ‘आजचं वचन’. रोज सकाळी सुंदर चित्रावर एक ओळ येते. फिलिप्पै 4:13, म्हणजे ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो’, आलं की ते परीक्षेच्या शुभेच्छेसारखं वाटतं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि आधीच्याच ओळीत भूक नि टंचाईत राहायला शिकल्याचं सांगतो. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्यायही असाच तोडलेला येतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. सबंध ऐकलं की त्याआधी ख्रिस्ताद्वारे देवाशी झालेला समेट येतो, आणि नंतर पवित्र आत्म्यानं अंतःकरणात ओतलेली देवाची प्रीती. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण नुसत्या दुःखानं माणूस घडतोच असं नाही. सोसून सोसून कडवट झालेली भली माणसं मी पाहिली आहेत. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल फटके, दगडमार, 3 वेळा फुटलेलं तारू असं सगळं मोजून सांगतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारी एक पीडा. तो काढावा म्हणून 3 वेळा विनंती केली. काटा राहिला, देवाची कृपा पुरली.

आणखी एक तक्रार पार्श्वसंगीताची. स्तोत्र 88 ही दुःखातली प्रार्थना अंधारावरच संपते, आणि नेमकं तिथं वाद्यं चढतात. सेटिंगमध्ये संगीत बंद करता येतं, ते आधी करा.

रुग्णाजवळ रात्र काढणाऱ्यांना मी हे ॲप जरूर सुचवेन. इअरफोन मात्र एकाच कानात घाला, म्हणजे हाक मारलेली ऐकू येते.