किचन गार्डन किट: डबा देखणा, बिया रुसलेल्या

पाचपैकी अडीच. हे गुण किटचे आहेत. कुंडीत पुदिना-कोथिंबीर लावावी का, असं विचाराल तर जरूर लावावी, पण त्यासाठी हे किट लागत नाही.

मी नाशिकच्या सिडकोत दुसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेची, दुपारनंतर ऊन थेट भिंतीवर. घरून डबे देते, त्यामुळे हिरवा मसाला रोज लागतो. मुलीने ऑनलाइन बघून हट्ट धरला म्हणून १,२९९ रुपयांचं हे किट मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असंच किट वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि फोटोंत तरी आतला माल सारखाच दिसतो.

डब्यात चार इंची प्लॅस्टिकच्या पाच कुंड्या, पाण्यात टाकल्या की फुगणाऱ्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, चकत्या, बेसिल, ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी आणि पार्सलीच्या बियांची पाकिटं, नावं लिहायला लाकडी पट्ट्या, एक खेळण्यातलं वाटावं असं खुरपं आणि एक माहितीपत्रक. पॅकिंगला मात्र नाव ठेवायला जागा नाही. कुणाला भेट द्यायची असेल तर शोभून दिसेल.

बेसिल आठवड्याच्या आत उगवलं. त्याचं नवल नाही, आपण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच झाडाचं बी. वाण्याकडचा चिमूटभर सब्जा ओल्या मातीवर भुरभुरला तरी रोपं येतात, वास जरा वेगळा एवढंच. सहा-आठ पानांवर आलं की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून दोन फांद्या फुटतात. न खुडता ठेवलं तर झाड उंच जातं, तुरा येतो आणि पानं निबर होतात.

बाकीच्यांचं काही खरं नाही. माहितीपत्रकात सगळ्या बिया अर्धा इंच खोल पेरा असं सरसकट छापलंय. ओरेगॅनो आणि थाइमचं बी अक्षरशः धुळीएवढं असतं, ते मातीवर नुसतं टेकवायचं असतं, उजेड लागतो त्याला. अर्धा इंच खाली गाडलं की ते कशाला वर येतंय! पार्सली उगवायला तीन आठवडे घेते, हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे माणूस कंटाळून कुंडी रिकामी करून टाकतो. रोझमेरीचं बी उगवलं तर उगवलं. रोपवाटिकेतल्या दादांना पाकीट दाखवलं तर हसले. म्हणाले, "ताई, रोझमेरी बियांनी नसते लावत. आम्हीपण फांदीच लावतो."

दुसरी तक्रार कोकोपीटची. ते पाणी धरून ठेवतं, हलकं असतं, सगळं मान्य. पण त्यात झाडाला खायला जवळपास काहीच नसतं. किटमध्ये खताची एक पुडीसुद्धा नाही आणि तसं सांगितलेलंही नाही. पहिल्या बीजपानांनंतरची दोन-चार खरी पानं फुटली की रोप पिवळं पडायला लागतं. शिवाय वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून बघून पाणी घालायचं नाही, बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं.

तक्रार केल्यावर कंपनीने न भांडता नवीन बिया पाठवल्या. अडीचमधला अर्धा गुण त्याचा. खोक्यावर छापलेल्या 'शुद्ध हवा' आणि 'प्रतिकारशक्ती'चा गुण कापलाय. चार इंची पाच कुंड्यांनी हवा शुद्ध झाली असती तर द्वारका चौकातल्या दुभाजकाने एव्हाना काय काय केलं असतं.

आता रोपवाटिकेबद्दल. म्हसरूळच्या बाजूला आहे, पाटी बघून आत शिरावंसं वाटत नाही, पण माल चोख. बारा बाय बाराच्या ग्रो बॅगा घेतल्या, जाड विणीच्या आणि खाली भोकं असलेल्या. दादांनी माती आधी विकली नाही, आधी विचारलं गॅलरी कुठल्या दिशेची. मिश्रण त्यांनीच सांगितलं: लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती द्राक्षाच्या शेताला ठीक, कुंडीत नुसती घातली तर पाण्याने फुगते, सुकली की तडे पडतात आणि मुळं गुदमरतात. आणखी एक, ही बॅग मातीने भरून पाणी दिलं की वीस किलोच्या वर जाते. कठड्यावर ठेवायची वस्तू नाही ती, भिंतीलगत खालीच बरी. मातीच्या कुंड्या मी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणल्या. त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, मुळं गार राहतात, पण एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी द्यायची तयारी ठेवा.

लावायचं काय, तर जे आपल्या पातेल्यात पडतं ते. पुदिन्याचं रोप विकत घ्यावंच लागत नाही. भाजीवालीकडच्या जुडीतले जाडसर दांडे निवडायचे, खालची पानं काढायची, ग्लासभर पाण्यात ठेवायचे. सांध्यातून पांढरी मुळं फुटली की कुंडीत. कुंडी खोल नसली तरी चालेल, पसरट हवी आणि त्याची एकट्याची हवी. माझ्याकडे त्याची एक वेल काठावरून उतरून शेजारच्या बॅगेच्या भोकातून आत शिरली होती, वरून पत्ताच नाही! उन्हाळ्यात त्याला दुपारची सावली द्या.

गवती चहाचं ठोंब खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं. त्याला मोठी बॅगच लागते. पात कात्रीनेच कापा, हाताने ओढली तर कडेने बोट चिरतं. ओव्याच्या पानाला तर काही करावंच लागत नाही. हे स्वयंपाकातल्या ओव्याचं झाड नव्हे, जाड लवदार पानाचं वेगळंच झुडूप आहे. फांदी खोचली की लागते. मरतं ते फक्त पाण्याच्या लाडाने. भज्यांना याच्यासारखं पान नाही. कढीपत्ता लावा, पण पहिलं वर्ष त्याला ओरबाडू नका. काकू त्याला आंबट ताक घालतात, मीही घालते.

कोथिंबिरीचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांना तीच हवी असते. धणे जुने नकोत. फडक्यावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, एका धण्याच्या दोन डाळिंब्या व्हायला हव्यात, पीठ नव्हे. रात्रभर भिजवून पेरायचे. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, मग वाकलेल्या माना वर येतात. उपटून दुसरीकडे लावायच्या नाहीत, तिचं सोटमूळ दुखावलं की ती बसते. आणि हंगाम पाळायचा. निफाडच्या थंडीच्या बातम्या यायला लागल्या की समजा कोथिंबिरीचे दिवस, गॅलरीतही ती झकास येते. होळीनंतर पेरलीत तर वीतभर होण्याआधीच तुरा काढते. तेव्हा सावलीसाठी हिरवं जाळं बांधा, नाहीतर तेवढे महिने विकत आणा. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तर आधी पाण्याचा फवारा मारा, लगेच औषधाकडे धावू नका.

यात पैसे वाचतात का? किटवाल्यांची जाहिरात म्हणते वाचतात. नाशिकमध्ये बसून हे म्हणणं धाडसाचं आहे. इथे बाजार समितीत कोथिंबिरीचा लिलाव जुड्यांच्या शेकड्यावर होतो. कधी भाव असा पडतो की शेतकरी जुड्या तिथेच टाकून रिकाम्या गाडीने घरी जातो, आणि पावसाने झोडपलं की तीच जुडी भाव विचारून परत ठेवावी लागते. डब्यांसाठी मी आजही भद्रकालीच्या भाजीबाजारातूनच आणते, बॅगेतल्या कोथिंबिरीवर डबे चालत नाहीत. महागाईच्या पंधरवड्यात घरच्या पोह्यांपुरती सोय होते, तेवढीच.

फायदा आहे तो वेगळा. चहाला दोन पाती लागतात, कढीला एक डहाळी, चटणीला मूठभर पुदिना, आणि हे सगळं आपण जुडीने आणतो. उरलेलं फ्रीजमध्ये पिशवीत काळं पडतं, बुळबुळीत होतं आणि शनिवारी कचऱ्यात जातं. कुंडीतलं लागेल तेवढंच तोडता येतं. शिवाय त्यावर काय फवारलंय ते मला माहीत असतं. पुदिन्याची पानं आपण कच्चीच वाटतो, म्हणून मला याचं जास्त वाटतं.

किट कुणी घ्यावं? ज्यांना पास्त्यासाठी बेसिलच हवंय आणि रोपवाटिकेपर्यंत जायला वेळ नाही, त्यांनी. बाकीच्यांनी तेवढ्या पैशात बॅगा, माती, खत आणि तयार रोपं आणावीत. माझ्या हिशोबात वर पैसे उरले.

ओरेगॅनोचं म्हणाल, तर त्या बिया दुसऱ्यांदाही उगवल्या नाहीत. ओव्याच्या पानाचा वास त्याच्याच जवळचा असतो. परवा घरच्या पिझ्झ्यावर तेच बारीक चिरून टाकलं. धाकट्याला कळलं नाही. मुलीने ओळखलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरा तुकडा घेतला.