डार्कटेबल: राखाडी शेवंती पुन्हा पांढरी
पांढरी शेवंती टिपली आणि फोटोत ती चक्क राखाडी निघाली. चूक माझीच. चौकटभर पांढरं असलं की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) कमी करतो, हे विसरले. डार्कटेबल हे फोटो सुधारण्याचं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उघडलं. मॉड्यूलांची, म्हणजे सुधारणांच्या साधनांची, गर्दी पाहून आधी बावरलेच! रॉ फाइलचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीचं, एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), तर पाकळ्यांच्या शिरासुद्धा दिसू लागल्या. सावलीतल्या पानांवर मात्र रवा सांडल्यासारखे दाणे उठले. डीनॉइज हे दाणे घालवणारं मॉड्यूल लावल्यावर बरेच बसले. हाच प्रयोग जेपेगवर केला तर पाकळ्यांवर पट्टे. जेपेगच्या ८ बिटांत दर रंगाला उजेडाच्या २५६च पायऱ्या, ताणणार किती? लाल जास्वंदीच्या फोटोचं एक्स्पोजर मात्र जपून वाढवा, तिथे लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंग कमाल मर्यादेला टेकून तपशील जातो.