‘एफ्तर’चा माग काढत: बँडकॅम्पवरचं स्वीडिश-नॉर्वेजियन लोकसंगीत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बाबांनी तीस वर्षं सतारींना तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, चढवल्या. मुख्य तार वाजून गेल्यावर खालून जो सूर मागाहून उठतो, तो मला घरातल्या माणसाच्या हाकेइतका ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्वीडनला, उप्सालाला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात एका चौकात तोच सूर कानावर पडला. वादकाच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेलं लांबट वाद्य, उजव्या हातात आखूड गज, डावा हात लाकडी कळांवर. कळ आत ढकलली की तिच्यावरची छोटी खुंटी तारेला बाजूनं टेकते. निकेलहार्पा! सोळा तारा आणि त्यातल्या बारा तरफा.

त्याच्याकडे सीडी नव्हत्या. “बँडकॅम्पवर आहे सगळं,” म्हणाला. बँडकॅम्प म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकतात ती वेबसाइट. हे परीक्षण तिचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: इथल्या स्वतंत्र कलाकारांचं लोकसंगीत शोधण्यासाठी ते कसं आहे.

आधी मी ज्या अ‍ॅपचे महिन्याला पैसे भरते तिथेच शोधलं होतं. तीन चाली झाल्या आणि ते झोप लागण्यासाठीचं संगीत लावू लागलं. चाल कुठल्या गावची, कुणाकडून शिकलेली, काही कळायला मार्ग नाही. बँडकॅम्पवर प्रत्येक आल्बमचं स्वतंत्र पान असतं, बहुतेक वेळा विकत घेण्याआधी आल्बम पूर्ण ऐकता येतो, आणि खाली कलाकारानं स्वतः लिहिलेला मजकूर असतो. माझ्यासाठी खरा खजिना तो मजकूर आहे.

कारण स्वीडिश चालींची नावं पत्त्यासारखी असतात. ‘पोल्स्का एफ्तर बिस-काले’. पोल्स्का हा तीन मात्रांचा नाच, आणि ‘एफ्तर’ म्हणजे अमक्याच्या वादनावरून घेतलेली. बिस-काले (१७८३–१८४७) हा उप्सालाच्या उत्तरेला एल्वकार्लेबीचा निकेलहार्पावादक. त्याला जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली, तरी त्याच्या चाली त्याच्या नावानंच वाजतात. बंदिश कुणाकडून आली हे सांगितल्याशिवाय गायला न बसणाऱ्यांच्या घरात मी वाढले, त्यामुळे हे वाचून फार बरं वाटलं.

तर माझी पद्धत अशी. शोधाच्या चौकटीत ‘फोक’ लिहायचं नाही. टॅग कलाकार स्वतः लावतात, त्यामुळे त्या शब्दाखाली गिटारवर इंग्रजीत गाणारेही भेटतात. (ते ऐकायचे असतील तर वाट वेगळी, त्यात उत्तम लोक आहेत.) त्याऐवजी एखाद्या जुन्या, दिवंगत वादकाचं नाव टाकायचं. बिस-कालेचं स्पेलिंग बी-वाय-डबल एस, मग सी-ए-डबल एल-ई. एकच चाल एकानं एकट्या निकेलहार्पावर वाजवलेली, दुसरीकडे व्हायोलिन आणि गिटार, तिसरीकडे कुणी ती इतकी संथ केलेली की नाच विसरून नुसतं बसावंसं वाटतं. त्यातलं जे भिडेल त्या कलाकाराच्या पानावर जायचं, तिथला मजकूर वाचायचा, त्यात पुढची दोन नावं सापडतात. दालार्ना प्रांतात बिंग्शो गावचा पेक्कोस पेर मला असाच सापडला. एका रात्रीत चाळीस आल्बम चाळण्यापेक्षा एका नावामागे आठवडाभर फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉर्वेत ‘एफ्तर’चं रूप ‘एत्तर’. तिथे मिलारगुटेन (१८०१–१८७२) या तेलेमार्कच्या वादकाच्या नावानं सुरुवात करा. त्याचं वाद्य हार्डांगर फिडल: व्हायोलिनसारखंच, पण मुख्य तारांच्या खालून चार-पाच तरफा जातात. तबल्याच्या सवयीनं ऐकणाऱ्यांनी इथे जपून. तेलेमार्कच्या ‘स्प्रिंगार’ नाचात मात्रा तीनच, पण तिन्ही सारख्या लांबीच्या नाहीत. पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. मी पहिले काही दिवस टाळी देत बसले आणि दर आवर्तनाला चुकले. शेवटी टाळी सोडली आणि वादकाच्या पायाचा ठोका ऐकू लागले. तो ठोका ध्वनिमुद्रणात स्पष्ट येतो. मग सगळं जागेवर बसलं. नव्या वादकांत एर्लेंड आपनेसेथ आणि बेनेडिक्टे माउरसेथ ही दोन नावं लिहून ठेवा. दोघांचं काम ह्युब्रो या नॉर्वेजियन लेबलनं काढलंय, आणि दोघंही जुन्या वाद्याला आजच्या माणसाचा श्वास देतात.

डेन्मार्ककडे अजून नीट वळले नाही. फानो बेटाच्या चालींपासून सुरुवात करणार आहे.

पैशांचं सांगायलाच हवं. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प साधारण १५ टक्के घेतं, सीडीसारख्या वस्तूंवर १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. परवा एका आल्बमला ९० क्रोना (स्वीडनचं चलन) दिले, त्यातले साडेतेरा बँडकॅम्पचे. बाकी जवळजवळ सगळे त्या बाईंना मिळाले, ज्यांनी चाल वाजवली, मुखपृष्ठ काढलं आणि मजकूरही लिहिला. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं. मी खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवते. कंपनी २०२२ आणि २०२३ अशी दोनदा विकली गेली, तेव्हा धास्ती वाटली होती. म्हणून घेतलेला आल्बम लगेच पूर्ण दर्जाच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. तरफांचा विरत जाणारा आवाज हलक्या फाइलमध्ये आधी मरतो, आणि तोच तर ऐकायचा असतो.

माझी सगळ्यात लाडकी खरेदी म्हणजे ‘नॉर्दर्न रेझोनन्स’ ही त्रयी. निकेलहार्पा, हार्डांगर फिडल आणि व्हिओला दामोरे, तिन्ही वाद्यांना तरफा! एक गज उचलला जातो आणि बाकीची दोन्ही वाद्यं न छेडता बोलायला लागतात, असा भास होतो. फोनवरून बाबांना फाइल पाठवली. सतारीच्या तरफा रागाच्या स्वरांना लावतात, त्यामुळे काही स्वरांनाच उत्तर मिळतं. निकेलहार्पाच्या बारा तरफा मात्र बाराही स्वरांना लावलेल्या असतात. हे मी सांगण्याआधीच बाबा म्हणाले, “अगं, ह्या तर सगळ्यांनाच ओ देतात.” मग बराच वेळ बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, “तार कुठल्या नंबरची लावतात?”

बँडकॅम्पच्या पानावरून कलाकाराला निरोप पाठवता येतो. चौकातल्या त्या वादकाला मी हे विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, तारांच्या जाड्या-बारीक क्रमासकट, आणि खाली लिहिलेलं: प्रत्यक्ष बघायचं असेल तर तोबोला या. तोबो उप्सालापासून रेल्वेनं जवळ आहे. एरिक साल्स्त्रोम इन्स्टिट्यूट ही निकेलहार्पा शिकवणारी संस्था तिथे १९९८ पासून आहे. पुढच्या शनिवारी जातेय. बाबांनी तारांची मापं मिलिमीटरमध्ये लिहून आणायला सांगितलीत, आणि जमलं तर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, एक फोटो बाजूनं.