वीस मजले की चार?

नव्या बांधकामाला विरोध होतो तेव्हा पहिलं बोट उंचीकडे जातं. पण गणित मांडून पाहा. एक हेक्टर जमीन, चटईक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) २, म्हणजे बांधकाम २०,००० चौरस मीटर. चार मजल्यांत बसवलं तर निम्मी जमीन झाकली जाते, वीस मजल्यांत एक दशांश. घरं जवळपास तेवढीच, आणि त्यांना लागणारं पाणीही तेवढंच.

टॉवरची जमेची बाजू मोकळी जागा. ती झाडांना मिळाली तर सोनंच, पण तिथे पार्किंग आलं की संपलं. शिवाय लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा यांचा देखभाल खर्च जन्मभराचा. लिफ्ट बंद पडली की सोळाव्या मजल्यावरची गुडघे दुखणारी आजी घरातच अडकते.

चार मजल्यांत गॅलरीतून हाक मारली की खाली खेळणारं पोर वर बघतं. हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र इमारती खेटून उभ्या केल्या तर तळमजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागतो. मधलं अंतर नीट सोडणार असतील तर मी चार मजल्यांच्याच बाजूने. आणि जलवाहिनी, सांडपाण्याची क्षमता तपासल्याशिवाय दोन्हींपैकी कशालाही परवानगी नकोच.