रिकामा पिकअप आणि बर्फाचा रस्ता: विंटर टायर, वाळूची पोती आणि साखळ्यांचे परीक्षण

हौदा रिकामा असलेला पिकअप बर्फावर जितका बेभरवशाचा वागतो, तितकी दुसरी गाडी क्वचितच वागते, आणि याचे कारण त्याच्या बांधणीतच आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा. त्यामुळे रिकाम्या गाडीच्या वजनातला साधारण ५५ ते ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर पडतो, पण इंजिनचा जोर बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांकडे जातो. शिवाय मागच्या स्प्रिंगचे पाटे माल वाहण्यासाठी कडक बनवलेले असल्याने रिकाम्या गाडीत ते फारसे दबत नाहीत, आणि खडबडीत, गोठलेल्या रस्त्यावर चाक क्षणभर उचलले जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी मी माझ्या फोर बाय फोर पिकअपसाठी तीन गोष्टी घेतल्या: स्टडलेस, म्हणजे खिळे नसलेले, चार विंटर टायर, हौद्यात ठेवायला वाळूची पोती आणि अडीअडचणीसाठी चाकांवर चढवायच्या साखळ्यांची एक जोडी. तिन्ही वापरल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की पैसे सर्वांत आधी टायरांवर खर्च करावेत, आणि बाकीच्या दोन्ही वस्तू टायरांच्या जोडीला घ्याव्यात, टायरांऐवजी नव्हे.

ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर वापरायचे साधे, टायर आणि विंटर टायर यांतला खरा फरक नक्षीपेक्षा रबरात आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की साध्या टायरचे रबर ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक उंचसखल भागात ते नीट बसत नाही. विंटर टायरचे रबर शून्याच्या बरेच खालीही लवचीक राहते. गाडी रात्रभर थंडीत उभी असताना सकाळी या टायरच्या नक्षीतल्या एखाद्या ठोकळ्यावर अंगठा दाबून पाहिला तर तो किंचित दबतो, जुन्या टायरचा ठोकळा मात्र तसूभरही हलत नाही. याशिवाय प्रत्येक ठोकळ्यावर बारीक, नागमोडी चिरा कापलेल्या असतात. गाडी सुटताना किंवा थांबताना त्या जराशा उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि चिरांमध्ये व खाचांमध्ये भुसभुशीत बर्फ भरून बसतो. थोडे अंतर चालवून खाली उतरल्यावर टायर पांढरा झालेला दिसला तर काळजीचे कारण नाही, कारण दाबल्या गेलेल्या बर्फाला बर्फच रबरापेक्षा घट्ट धरतो आणि टायर बनवणाऱ्यांना नेमके हेच हवे असते.

घट्ट, गोठलेल्या बर्फाची गोष्ट वेगळी आहे. तो सर्वांत निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर शून्याच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर भेदून बर्फात रुतण्यासाठी पूर्वी टायरात टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवणे हाच मुख्य उपाय होता, पण खिळ्यांनी रस्ते झिजतात आणि त्याची धूळ उडते. जपानमध्ये हा त्रास इतका वाढला की १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदा झाला. त्याआधी, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोनने तिथे ब्लिझॅक हा टायर आणला होता, ज्याच्या रबरातली सूक्ष्म छिद्रे पाण्याचा थर शोषून घेतात. आजचे बहुतेक स्टडलेस टायर याच विचारावर, आपापल्या पद्धतीने, बनतात. माझ्या अनुभवात अशा ओलसर बर्फावर हे टायर साध्या टायरांपेक्षा निःसंशय सरस आहेत, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. तिथे वेग कमी ठेवण्याला पर्याय नाही, आणि ज्यांचा रोजचा रस्ता असाच असतो त्यांनी, कायदा परवानगी देत असेल तर, खिळ्यांच्या टायरांचाच विचार करावा.

सर्वांत मोठा फरक मला चढावर नव्हे, तर ब्रेक लावताना जाणवला. फोर बाय फोर लावले की इंजिनचा जोर चार चाकांत वाटला जातो आणि गाडी सुटते, परंतु ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. तेव्हा थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरचा काडीइतकाही फायदा होत नाही. उलट गाडी सहज वेग घेते म्हणून चालकाला रस्ता आहे त्यापेक्षा बरा वाटू लागतो, आणि हाच धोका आहे. विंटर टायर सुटणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही कामांत मदत करतात. म्हणूनच पैसे वाचवण्यासाठी फक्त मागे दोन टायर बसवण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही: ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांवर येतो आणि वळवतातही तीच, मग त्यांनाच पकड नसेल तर उपयोग काय?

खरेदी करताना टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे चिन्ह नीट पाहावे. एम अँड एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे मुख्यतः नक्षीची रचना सांगतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह मात्र टायरने बर्फावरची चाचणी पार केली असेल तरच मिळते. उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या या चिन्हाची तिथली चाचणी दाबलेल्या बर्फावर पुढे खेचण्याच्या ताकदीची आहे. घट्ट बर्फावर टायर किती लवकर थांबवेल, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे हे चिन्ह असलेला, मोठ्या ठोकळ्यांचा ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या सर्व रस्त्यांसाठीचा, टायर खोल, भुसभुशीत बर्फात उत्तम चालला तरी गोठलेल्या डांबरावर खऱ्या विंटर टायरच्या तोडीचा असेलच असे नाही. भारक्षमतेचाही विचार हवा. जड माल वाहणाऱ्याला कडक भिंतींचा, दहा प्लाय दर्जाचा, म्हणजे जास्त भार पेलणारा, टायर लागतोच, पण गाडी बहुधा रिकामीच फिरत असेल तर तो कडकपणा पकडीच्या आड येतो. गाडीच्या दारावरच्या तक्त्यात सांगितलेल्या भाराला पुरेल इतक्या क्षमतेचा मऊ टायर अशा वेळी अधिक चांगला. मापांमध्ये निवड असेल तर मी अरुंद माप घेईन, कारण ते खोल बर्फ कापत खाली टणक थरापर्यंत पोहोचते.

या टायरांचे दोषही सांगितले पाहिजेत. कोरड्या रस्त्यावर वेगात वळताना गाडी किंचित डुलते, स्टिअरिंगचा प्रतिसाद सैल वाटतो, आवाज थोडा वाढतो, आणि उन्हाळ्यात तेच टायर ठेवले तर मऊ रबर झपाट्याने झिजते. वेगळ्या रिमवर बसवून घेतले तर दर मोसमात अदलाबदल सोपी होते. माझ्या मते हा खर्च वाया जात नाही. हवेकडे लक्ष मात्र द्यावेच लागते, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधल्या हवेचा दाब १ पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) कमी होतो. गरम गॅरेजमध्ये हवा भरून बाहेर कडाक्याच्या थंडीत गाडी नेली की टायर नकळत ढिले पडतात.

वाळूच्या पोत्यांबद्दल माझे मत चांगले आहे, पण काही अटींवर. शंभर-दीडशे किलो वजन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे ठेवले तर रिकाम्या पिकअपची मागची बाजू लगेच शांत होते. तेच वजन हौद्याच्या मागच्या फळक्याजवळ, अगदी शेवटी ठेवले तर तरफेसारखा परिणाम होऊन पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग बिघडते. पोती पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांना आवळलेलीच हवीत. मोकळे पोते धडकेत केबिनच्या दिशेने येते. हौद्यात साचलेला बर्फच वजन म्हणून राहू देणे किंवा पाण्याच्या पिशव्या ठेवणे मला मान्य नाही, कारण पहिला सरकतो आणि दुसऱ्या गोठून दगड होतात. कोरड्या वाळूचा आणखी एक फायदा असा की चाक रुतले तर मूठभर वाळू त्याच्यापुढे टाकता येते. मात्र वजन वाढले की थांबवायची गाडीही जड होते, म्हणून जास्त म्हणजे चांगले असा हिशेब इथे चालत नाही.

आता डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची रचना, याविषयी थोडक्यात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक निसरड्यावर गेले की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो, आणि लॉकिंग डिफरन्शियल दोन्ही चाके एकत्र जखडून ही अडचण दूर करते. पण कललेल्या गोठलेल्या रस्त्यावर दोन्ही चाके एकदम फिरू लागली की गाडीचा मागचा भाग उताराकडे सरकतो. रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरतेच लॉक वापरावे. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरते लावायचे, फोर बाय फोरही कोरड्या रस्त्यावर बंद ठेवावे, कारण पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावून घ्यायला तिथे मधले डिफरन्शियल नसते आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

साखळ्यांची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हॅरी वीड यांना १९०४ मध्ये तिचे पेटंट मिळाले, आणि खोल बर्फाच्या तीव्र चढावर आजही त्यांच्या तोडीचे काही नाही. माझ्या जोडीची मला आवडलेली बाजू म्हणजे रंगवलेले आकडे (हुक) आणि ताण देणारा रबरी पट्टा, ज्यामुळे हातमोजे घालूनही काम होते. आतल्या बाजूचा आकडा चाकामागे हात घालून चाचपडत अडकवावा लागतो, आणि हेच सर्वांत त्रासाचे आहे. म्हणून कोरड्या दिवशी अंगणात सराव करून ठेवावा. थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळाव्या लागतात, वेग साधारण ताशी ५० किलोमीटरच्या आत, किंवा पुस्तिकेत कमी सांगितला असेल तर तेवढाच, ठेवावा लागतो, आणि डांबर दिसू लागताच त्या काढाव्या लागतात. पुढच्या चाकांभोवती जागा कमी असल्याने अनेक पिकअपच्या पुस्तिकेत साखळ्या फक्त मागे लावण्याची सूचना असते. ती पाळावी, कारण तुटलेली साखळी ब्रेकची नळी ओरबाडू शकते.

टायर कधी बदलायचे, हे अनेक देशांच्या कायद्यातल्या नक्षीच्या किमान १.६ मिलिमीटर खोलीवरून ठरवू नये. बर्फासाठी ४ मिलिमीटर ही माझी मर्यादा आहे, आणि ऑस्ट्रियात हिवाळी टायरांसाठी कायद्यानेच तेवढी खोली मागितली आहे. त्याखाली गेलेले टायर मी पुढच्या हिवाळ्यासाठी पुन्हा बसवणार नाही, मग ते दिसायला कितीही धडधाकट असोत.