युजरचा जावा कोड चालवायचाय: त्याच जेव्हीएममध्ये की वेगळ्या प्रोसेसमध्ये?

युजरने लिहिलेला जावा कोड आपल्या सर्व्हरवर चालवायचा असेल, तर कंपायलर (सोर्सचा बाइटकोड, म्हणजे जावाला चालवता येईल असं रूप, बनवणारा) कोणता घ्यावा, यावर बराच वेळ जातो. खरं तर तो भाग सोपा आहे. जावा ६ पासून जावाकंपायलर एपीआय जेडीकेमध्येच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्येच) आहे. सोर्स स्ट्रिंगमधून द्या, बाइटकोड मेमरीतच ठेवा. चुका डायग्नोस्टिककलेक्टरमध्ये ओळ क्रमांकासकट मिळतात आणि युजरला तशाच दाखवता येतात. मात्र सर्व्हरवर फक्त जेआरई (तयार कोड नुसता चालवणारा भाग) असेल, तर कंपायलरऐवजी नल, म्हणजे काहीच नाही, हाती येतं. ॲनोटेशन प्रोसेसिंगही (कंपाइल होतानाच कोड चालवू शकणारी सोय) बंद ठेवा.

निर्णय घ्यायचा तो कोड चालवायचा कुठे याचा.

त्याच जेव्हीएममध्ये (सर्व्हर ज्यात चालतो त्या जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) नवीन क्लासलोडरने (क्लास मेमरीत आणणाऱ्या घटकाने) क्लास लोड केला, की वेग उत्तम मिळतो आणि ऑब्जेक्ट थेट देता-घेता येतात. आपल्याच टीमने लिहिलेले नियम किंवा प्लगइन असतील तर मी हाच मार्ग घेईन. अनोळखी माणसाच्या कोडसाठी मात्र अजिबात नाही. त्याने न संपणारा व्हाइल लूप लिहिला, तर इंटरप्ट करूनही तो थ्रेड ढिम्म हलत नाही. थ्रेडची स्टॉप मेथड जावा २० पासून नुसतं एक्सेप्शन फेकते. सिस्टिम एक्झिट लिहिलं, तर अख्खा सर्व्हर बंद. पूर्वी हे सिक्युरिटी मॅनेजरने अडवता यायचं, पण जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. तेव्हा जुन्या लेखांतला तो उपाय सोडून द्या.

वेगळ्या प्रोसेसमध्ये दर वेळी नवी जेव्हीएम सुरू होण्याचा वेळ जातो. पण प्रोसेसबिल्डरने सुरू केलेली प्रोसेस ठरलेल्या वेळेनंतर मारून टाकता येते, हीपला (ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीला) मर्यादा घालता येते. एक जागा जपा: तिचं आउटपुट वाचलं नाही, तर पाइप भरतो, प्रोसेस तिथेच अडकते आणि निर्दोष कोडलाही 'वेळ संपली' असा शेरा मिळतो. आउटपुट सतत वाचत राहा आणि ठरावीक आकारानंतर तोडा. शिवाय नुसती वेगळी प्रोसेस म्हणजे सँडबॉक्स (कोडला बंदिस्त ठेवणारी सुरक्षित जागा) नव्हे. ती तुमच्या फाइली वाचू शकते, नेटवर्कवर जाऊ शकते. त्यामुळे कमी अधिकारांचा युजर, नेटवर्क बंद असलेला कंटेनर (बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवलेला कप्पा) आणि सीपीयू-मेमरीच्या मर्यादा हव्यातच. सार्वजनिक कोड एडिटरसाठी कंपाइल आणि रन दोन्ही त्या कंटेनरमध्येच करा.

एकेक ओळ चालवून लगेच उत्तर दाखवायचं असेल, तर जावा ९ पासूनचं जेशेल एपीआय बघा. ते स्निपेट मुळातच वेगळ्या जेव्हीएममध्ये चालवतं. कंटेनर मात्र तिथेही लागतोच.